सल्ला कोणाचा, सही कोणाची

कारभाराचं अंतरंग : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात पगाराचं देयक कोषागारात कसं आणि का अडतं ते पाहिलं. आज त्या पगारामागच्या माणसाकडे वळू. खरं तर माणसाच्याही आधी, त्याच्या पदाकडे.

खासगी कंपनीत ‘एचआर’ म्हटलं की मुलाखतीला बोलावणारी आणि ऑफर लेटर पाठवणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. राज्य शासनात हे काम करणाऱ्याला कोणी त्या नावानं ओळखत नाही. मंत्रालयात त्याचं कार्यासन असतं, जिल्ह्याच्या कचेरीत आस्थापना शाखा असते आणि अलीकडे अभियानांत, महामंडळांत कंत्राटावर घेतलेला ‘मनुष्यबळ सल्लागार’ही दिसतो. कामाचा गाभा मात्र एकच. साहेबांच्या मनात एखाद्या कर्मचाऱ्याबाबत किंवा पदाबाबत जे करायचं आहे ते नियमात बसतं का, बसत नसेल तर कोणत्या वाटेनं बसेल, आणि कोणत्याच वाटेनं बसत नसेल तर तसं स्पष्ट सांगणं. निर्णय त्याचा नसतो, तो वरच्यांच्या सहीनं होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एका संचालनालयात लिपिक-टंकलेखकाची शंभर पदं मंजूर आहेत आणि चाळीस रिकामी. अधिवेशनात प्रश्न आला, मंत्र्यांनी ‘लवकरच भरू’ असं उत्तर दिलं, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चाळीस जागांची बातमी झळकली. मुलांनी पुस्तकं बाहेर काढली. आस्थापनेच्या टेबलावर मात्र वेगळाच प्रश्न पडलेला असतो : चाळीस पदं खरोखर भरता येण्याजोगी आहेत का?

पद मंजूर आहे म्हणजे काय, तर ते विभागाच्या आकृतिबंधात आहे. हा आकृतिबंध वित्त विभागाच्या सहमतीनं आणि उच्चस्तरीय सचिव समितीच्या मान्यतेनं ठरतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा आकृतिबंध असेल तर त्यात आज कोणाला न लागणारी पदं असतात आणि आज हवी असलेली नसतात. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त 75 हजार पदं भरायचं ठरलं, तेव्हा 2022 मध्ये शासनानं अट घातली की सुधारित आकृतिबंध अंतिम झालेल्या विभागांनी सरळसेवेची रिक्त पदं शंभर टक्के भरावीत, बाकीच्यांनी ऐंशी टक्क्यांपर्यंत. म्हणजे आकृतिबंधाचा प्रस्ताव ज्यांनी वर्षानुवर्षं त्रुटींच्या पूर्ततेत घोळवत ठेवला, त्यांच्या वीस टक्के जागा तिथंच अडकल्या. परीक्षा घेणाऱ्यांचा यात काडीचाही दोष नव्हता. भरती रखडली म्हणून आपण आंदोलन करतो ते परीक्षेच्या दारात, पण निम्मा उशीर त्याआधीच, जाहिरातीच्या मागणीपत्रापर्यंत पोहोचताना झालेला असतो, असं माझं मत आहे. शिवाय चाळीसपैकी काही पदं सेवाप्रवेश नियमांप्रमाणे खालच्या संवर्गातून पदोन्नतीनं भरायची असतात आणि काही वाटा अनुकंपा यादीतल्या वारसांचा असतो. उरतील ती सरळसेवेची.

आणि मग येते बिंदुनामावली. खरा सल्लागार कोण आणि नुसता सादरीकरण करणारा कोण, हे इथं कळतं.

आरक्षणाची टक्केवारी सगळ्यांना पाठ असते. बिंदुनामावली म्हणजे ती टक्केवारी प्रत्यक्ष पदांवर उतरवणारी नोंदवही : शंभर बिंदू, कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, त्यावर आज कोण बसलं आहे, तो कधी निवृत्त होणार. सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्ये सभरवाल खटल्यात सांगितलं की ही नामावली पदांना लावायची, रिकाम्या होणाऱ्या जागांना नव्हे. सगळे बिंदू एकदा भरले की मग जो निवृत्त झाला त्याच्याच प्रवर्गाचा उमेदवार त्या जागी यायचा. वाचायला सोपं आहे. पण मागासवर्गीय उमेदवार खुल्या गुणवत्तेत निवडला गेला असेल तर तो खुल्या बिंदूवर दाखवायचा असतो, आणि वीस वर्षांपूर्वीच्या लिपिकानं तो चुकून राखीव बिंदूवर दाखवला असेल तर तिथून पुढची बेरीज चुकत जाते. नामावली विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. तिथं ती एका शेऱ्यासह परत येते, पुन्हा जाते, पुन्हा येते.

त्यात कायदा बदलला की सगळी आखणी नव्यानं. मराठा आरक्षणाचंच पाहा. नोव्हेंबर 2018 मध्ये 16 टक्के, जून 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानं नोकऱ्यांत 13 टक्के, मे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्दबातल ठरवलं, फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या कायद्यानं 10 टक्के. बाहेर मोर्चे, निकाल, जल्लोष आणि संताप चालू असताना आस्थापना शाखेत प्रत्येक वेळी बिंदू नव्यानं लावले जात होते, आणि मधल्या काळात अर्ज भरलेल्या उमेदवाराचं काय करायचं यावर अभिप्राय मागवले जात होते. ज्याला हे जमतं तो एखादा अव्वल कारकून दुसऱ्या विभागात बदलून गेला की कचेरी अक्षरशः आंधळी होते. (ज्येष्ठता यादीचं भांडण मी मुद्दाम बाजूला ठेवलं आहे, त्याला एक अख्खा लेखांक लागेल.)

हे काम बाहेरच्यांकडे का देऊ नये? दिलं गेलं आहे, पण काय दिलं ते नीट पाहायला हवं. परीक्षेसाठी आधी महापरीक्षा पोर्टल आलं, 2020 मध्ये ते बंद झालं, पुढे टीसीएस आणि आयबीपीएस आले. सप्टेंबर 2023 मध्ये तर नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला आणि विरोध इतका झाला की ऑक्टोबरमध्ये तो रद्द केल्याची घोषणा करावी लागली. यात कुठंही सल्ला नव्हता. एकानं परीक्षा घ्यायची, दुसऱ्यानं माणसं पुरवायची. किती माणसं हवीत, कोणत्या पदावर, कोणत्या नियमानं, हा प्रश्न होता तिथंच राहिला.

सल्ल्याची खरी कसोटी घाईच्या वेळी लागते. एखाद्या दुर्घटनेनंतर सभागृहात ‘संबंधित अधिकाऱ्याला निलंबित करण्यात येत आहे’ असं जाहीर होतं, बाकं वाजतात. सल्लागाराचं घड्याळ तिथून चालू होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या अजयकुमार चौधरी निकालाप्रमाणे तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही. दरम्यान घरी बसलेल्या माणसाला निर्वाहभत्ता द्यावाच लागतो. तेव्हा चांगला सल्लागार आधी विचारतो : कागद कुठं आहेत, साक्षीदार कोण, नेमकं कोणतं कर्तव्य चुकलं? याची उत्तरं नसतील तर निलंबनाऐवजी तूर्त बदली करून चौकशी पुरी करा, असं तो सुचवतो. पण बदलीचाही कायदा आहे, 2005 चा. साधारण तीन वर्षांचा कार्यकाल आणि एप्रिल-मे हा बदल्यांचा हंगाम, त्यामुळे अधेमधे हलवायचं तर कारणं लेखी हवीत. असा सल्ला टाळ्या मिळवत नाही. तो डावलला गेला तर अनेकदा प्रशासकीय न्यायाधिकरणात प्रकरण कोसळतं आणि तोच अधिकारी थकबाकीसह परत येतो.

डावलला जाणं हे या पदाच्या नशिबातच आहे. घटनेनं नेमलेल्या सर्वांत मोठ्या मनुष्यबळ सल्लागाराचीही तीच गत आहे. अनुच्छेद 320 प्रमाणे सेवाभरतीच्या पद्धती, पदोन्नतीची तत्त्वं आणि शिस्तभंगाची प्रकरणं यांवर शासनानं लोकसेवा आयोगाचा विचार घ्यायचा असतो. तो घेतला नाही म्हणून कारवाई आपोआप अवैध ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1957 मध्येच सांगितलं. पण घटनाकारांनी एक तजवीज ठेवली. अनुच्छेद 323 प्रमाणे आयोगाचा सल्ला ज्या प्रकरणांत मानला नाही, त्यांची कारणं शासनाला विधिमंडळापुढे ठेवावी लागतात. नाकारण्याची मुभा आहे, गुपचूप नाकारण्याची नाही.

आस्थापनेच्या कारकुनाकडे याचीच छोटी आवृत्ती असते : टिपणी. ‘प्रस्ताव नियमात बसत नाही’ हे त्यानं पान क्रमांकासह लिहिलं की वरच्याला त्याखाली काहीतरी लिहावंच लागतं, आणि ते पान उद्या माहितीच्या अधिकारात कोणीही मागू शकतं. कंत्राटावरचा सल्लागार बहुधा या टिपणीच्या बाहेर असतो. त्याची नेमणूक अनेकदा अकरा महिन्यांची असते आणि त्याचा सल्ला संगणकावरच्या सादरीकरणात, नाहीतर केबिनमधल्या बोलण्यात येतो. मुदत संपली की माणूसही जातो आणि त्यानं काय बजावलं होतं तेही. शासनाला असे सल्लागार हवे असतील तर जरूर घ्यावेत, बाहेरच्या नजरेचा उपयोग होतोच. फक्त त्यांना मूळ नस्तीवर लिहू द्यावं, आणि लिहायच्या आधी निदान एक बिंदुनामावली स्वतः भरायला लावावी.