कंपनीचा पॉडकास्ट : बोलायचे कुणी आणि ऐकायचे कुणी?

आम्ही ज्या वस्त्यांमध्ये काम करतो तिथे दुपारी एक दृश्य हमखास दिसते. शिलाई मशीनवर बसलेल्या बाईच्या एका कानात इयरफोन असतो आणि दुसरा कान दाराकडे मोकळा असतो, पोरं शाळेतून येतील म्हणून. पूर्वी त्या इयरफोनमध्ये गाणी असायची. आता बऱ्याचदा कुणीतरी बोलत असते. कधी कथा, कधी मुलाखत, कधी शुगरच्या आजाराची माहिती, कधी पैसे कुठे गुंतवावेत याचा सल्ला. हात कामात आणि कान रिकामे, अशा वेळी वर्तमानपत्र वाचता येत नाही आणि टीव्हीही बघता येत नाही. ऐकता मात्र येते. कंपन्यांना ही वेळ आता दिसू लागली आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातले अनेक तरुण नोकरी सोडून उद्योगात उतरले. मसाले, सोलर, कपडे, शेतीची अवजारे, कोचिंग क्लासेस. त्यांच्यापैकी काही जण आम्हाला विचारतात, ‘आम्हालाही पॉडकास्ट काढायचाय, लोकांशी नातं जोडायचंय, काय करावं?’ आम्ही मार्केटिंगवाले नाही. पण ‘नाते’ हा आमच्या अभ्यासाचा आणि रोजच्या कामाचा विषय आहे. म्हणून आम्हाला जे समजले ते इथे मांडत आहोत.

‘पॉडकास्ट’ हा शब्द बेन हॅमर्सली या पत्रकाराने २००४ साली ब्रिटनच्या ‘द गार्डियन’मध्ये वापरला. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची ती जोड. २००५ मध्ये अॅपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली आणि तो सगळीकडे पसरला. रेडिओपेक्षा त्यात वेगळे एवढेच, की ठरलेली वेळ नसते. ऐकणारा स्वतः शोधून येतो, हवे तेव्हा ऐकतो आणि कंटाळला की बंद करतो. कंपनीने ही शेवटची गोष्ट कायम लक्षात ठेवावी. रस्त्यावरचे होर्डिंग माणसाला नाइलाजाने दिसते, पॉडकास्ट नाइलाजाने कुणी ऐकत नाही.

पण कंपनीने आवाजातून माणसे जोडणे हे काही नवे नाही. आपल्या आजी-आजोबांना विचारा, बुधवारी रात्री आठला काय असायचे? बिनाका गीतमाला. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर तो कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आकाशवाणीने सिनेसंगीताला दूर ठेवले होते. बिनाका ही एका स्विस कंपनीची टूथपेस्ट होती. अमीन सयानी त्या कार्यक्रमात टूथपेस्टचे गुण सांगत बसत नसत. ते ‘बहनों और भाइयों’ म्हणून बोलायला लागत, गाणी पायदानांवर चढवत-उतरवत आणि श्रोत्यांच्या पत्रांची दखल घेत. गावोगावी श्रोता संघ निघाले. फर्माइशीच्या पत्रांमुळे झुमरी तिलैया हे लहानसे गाव देशभर माहीत झाले. टूथपेस्टचे नाव लोकांच्या तोंडी बसले ते या जिव्हाळ्यामुळे. आज ती टूथपेस्ट दुकानात दिसत नाही, पण नाव निघाले की साठी-सत्तरीतली माणसे हसतात.

समाजशास्त्रात या जिव्हाळ्याला एक नाव आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्ये एक लेख लिहिला. रेडिओ-टीव्हीवरचा निवेदक आपल्याशीच बोलतो आहे असे श्रोत्याला वाटू लागते आणि हळूहळू तो ओळखीचा, घरातला होतो. प्रत्यक्षात निवेदक श्रोत्याला ओळखतही नसतो. या नात्याला त्यांनी ‘पॅरासोशल’ म्हटले. मराठीत एकतर्फी जवळीक म्हणू. इयरफोनमुळे ती आणखी वाढते, कारण आवाज थेट कानात येतो आणि ऐकताना माणूस बहुधा एकटा असतो. कंपन्यांना पॉडकास्ट हवा असतो तो याच जवळिकीसाठी. मग ती एकतर्फीच ठेवायची की तिला दुसरी बाजू द्यायची, हे कंपनीला ठरवावे लागते.

अमेरिकेतली दोन उदाहरणे बघू. जनरल इलेक्ट्रिकने २०१५ मध्ये ‘द मेसेज’ नावाची आठ भागांची विज्ञानकथा काढली. परग्रहावरून आलेला जुना संदेश उलगडणाऱ्या लोकांची ती गोष्ट होती. त्यात कंपनीची जाहिरात जवळजवळ नव्हती. ती तिथे अॅपलच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. हे कौतुकाचे आहे, पण लहान उद्योजकाने त्याच्या मागे लागू नये. लेखक, नट, साउंड डिझायनर यांचा खर्च त्याला झेपणार नाही.

दुसरे उदाहरण आम्हाला जास्त उपयोगाचे वाटते. ट्रेडर जोज ही तिथली किराणा दुकानांची साखळी. २०१८ मध्ये त्यांनी पाचच भागांचा पॉडकास्ट ठरवला होता. तो इतका चालला की अजून सुरू आहे. बोलणारे कंपनीचेच कर्मचारी. आमचा माल उत्तम, हे सांगण्यात ते वेळ घालवत नाहीत. ग्राहक काउंटरवर जे विचारतात त्याची उत्तरे देतात. माझे आवडते बिस्कीट बंद का केले? वस्तूंची नावे कोण ठरवते? माल येतो कुठून? ग्राहकाच्या मनातला प्रश्न घेऊन, आतल्या माणसाच्या तोंडून, साध्या भाषेत उत्तर द्यायचे एवढेच ते करतात.

आता हे आपल्याकडे आणून पाहू. समजा एखादी कंपनी शेतीचे पंप विकते. तिचा मालक मार्केटिंगच्या माणसाला सांगेल की पहिल्या भागात माझी मुलाखत घ्या, माझा प्रवास सांगतो. आमचा अनुभव असा की हा प्रवास मालकाच्या घरचे आणि ऑफिसचे लोक ऐकतात, तेही पहिल्या भागापुरते. शेतकऱ्याला वेगळेच हवे असते. मोटर का जळते? रात्रीची लाइट येते, थ्री फेजमधला एक फेज जातो, मोटर उरलेल्या दोनवर कण्हत राहते, त्यात जादा करंट येतो, वाइंडिंग तापते आणि सकाळी बघावे तर जळका वास. व्होल्टेज कमी असले तरी तेच. विहिरीतले पाणी संपून मोटर कोरडी फिरली तरी नुकसान ठरलेले. या सगळ्यावर उत्तम कोण बोलेल? तालुक्याच्या गावात मोटर रिवाइंडिंग करणारा कारागीर. जळलेली मोटर उघडली की कशाने जळली हे तो तारेच्या रंगावरून सांगतो. त्याला समोर बसवा आणि वीस मिनिटे बोलू द्या. तो ‘तुमच्या कंपनीच्या अमुक मॉडेलचं बेअरिंग लवकर जातं’ असे म्हणाला तर ते कापू नका. कंपनीच्या इंजिनिअरला पुढच्या भागात त्याचे उत्तर द्यायला लावा. विश्वास इथे बसतो, आणि नेमके इथेच बहुतेक कंपन्या कात्री चालवतात.

भाषेचेही तसेच. कारागीर वऱ्हाडीत बोलेल, कुणी अहिराणीत, कुणी मराठवाडी वळणाने. ते ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. प्रमाण मराठीत लिहून दिलेला कागद वाचायला लावला की तोच माणूस शाळेत उभे केल्यासारखा अडखळतो. बोलण्यात अधिकार असणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांची भाषा स्टुडिओत चालणार नाही असे वर्षानुवर्षे कुणीतरी दुसऱ्यानेच ठरवले.

खर्चाची भीती फार बाळगू नये. कॉलरला लावायचा साधा माइक आणि खिडक्या बंद केलेली लहान खोली सुरुवातीला पुरते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून भिंतीला गोधड्या टांगा, त्याने मोठा फरक पडतो. पंखा बंद करा. कापाकापीसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. बोलण्याचा कार्यक्रम ६४ केबीपीएस मोनोमध्ये ठेवला तर अर्ध्या तासाची फाइल साधारण १४ एमबीची होते. रोजचा डेटा जपून वापरणाऱ्यासाठी हे महत्त्वाचे आहे. कुठलेही सिनेमाचे गाणे मागे लावू नका, त्याला परवाना लागतो. आणि मूळ रेकॉर्डिंग स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. गुगलसारख्या कंपनीने २०२४ मध्ये आपले पॉडकास्ट अॅप बंद केले, तेव्हा कुठल्याही अॅपच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

कार्यक्रम आपल्या पैशाने चालतो हेही लपवू नये. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार पैसे घेऊन केलेल्या प्रचाराचा उल्लेख ऑडिओत सुरुवातीला आणि शेवटी स्पष्ट ऐकू यावा लागतो. निवेदकाला पैसे देऊन तो सहज बोलतोय असे भासवणे म्हणजे त्या एकतर्फी जवळिकीचा गैरफायदा घेणे होय.

डाउनलोडच्या आकड्यावर आमचा फारसा भरवसा नाही. फाइल फोनमध्ये उतरली म्हणजे ऐकली असे होत नाही. लोक कितव्या मिनिटाला सोडून जातात हे बहुतेक अॅप दाखवतात, ते पाहावे. त्याहून चांगली खूण म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेले व्हॉइस मेसेज. एक नंबर द्या, आलेल्या मेसेजपैकी दोन-तीन परवानगी घेऊन पुढच्या भागात ऐकवा आणि उत्तर द्या. तक्रारीचा मेसेज आधी घ्या.

एक गोष्ट मात्र आम्हाला थोडी सविस्तर सांगायची आहे, कारण तीत आमचीही चूक आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या कामाच्या ‘स्टोरीज’ आता पॉडकास्टमधून सांगितल्या जातात. अशाच एका कंपनीला शिलाई प्रशिक्षण घेतलेल्या बाईची गोष्ट हवी होती. आम्हीच एका बाईचे नाव सुचवले. ती मोकळेपणाने बोलली. नवऱ्याचे दारू पिणे, मारहाण, पहिल्या मशीनचा हप्ता, सगळेच. सही घेतलेला फॉर्म इंग्रजीत होता आणि आम्ही तो तिला वाचून दाखवला नाही. कार्यक्रम निघाला, लिंक फिरत फिरत तिच्या सासरच्या भावकीच्या ग्रुपवर पोहोचली. आवाज ओळखीचा होता, नाव बदलले असते तरी फरक पडला नसता. ती आमच्याकडे आली आणि एवढेच म्हणाली, ‘ताई, तेवढं पुसायला सांगा ना.’

आम्ही कंपनीला फोन केले. कार्यक्रम बनवणाऱ्या एजन्सीचा करार संपला होता. खात्याचा पासवर्ड ज्याच्याकडे होता तो नोकरी सोडून गेला होता. तो भाग उतरवायला तीन महिने लागले आणि लोकांच्या फोनमध्ये उतरलेले तुकडे राहिले ते राहिलेच.

आता कुणी रेकॉर्डिंगसाठी आले तर आमचा एक पानाचा मराठी फॉर्म असतो आणि तो आम्ही मोठ्याने वाचून दाखवतो. बोलणाऱ्याच्या वेळेचे पैसे ठरवून घेतो. रेकॉर्डिंग आधी त्या व्यक्तीला ऐकवले जाते, तिला नको असलेले वाक्य काढले जाते, मगच ते बाहेर जाते. भाग काढून टाकायचा असल्यास कंपनीतल्या कुणाला फोन करायचा, त्याचे नाव आणि नंबर फॉर्मच्या तळाशी लिहिलेला असतो. तो नंबर लागतो की नाही, हे आम्ही दर तीन महिन्यांनी फोन करून पाहतो.