सोलर पंप आणि बॅकअप: बॅटरी घ्यायची कोणती, आणि मुळात घ्यायची का?

शेतावर शेड टाकून कुक्कुटपालन, नर्सरी किंवा दुग्धव्यवसाय सुरू करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "विहिरीवर सोलर पंप बसवतोय, सोबत बॅटरी किती एएचची घेऊ?" दुकानदार लगेच चार बॅटऱ्यांचं कोटेशन देतो आणि भांडवलातला मोठा घास तिथेच जातो. म्हणून आधी गणित करू, खरेदी नंतर.

पहिली गोष्ट. शेतीच्या सौर पंपाला बॅटरी लागतच नाही. पीएम-कुसुम किंवा 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतले 3, 5, 7.5 एचपीचे पंप पॅनेलवर कंट्रोलरमार्फत थेट चालतात. ऊन आहे तोवर पाणी, ऊन गेलं की बंद. मग रात्री पाणी हवं असेल तर? वीज साठवू नका, पाणी साठवा.

समजा एकूण उपसा 20 मीटर आहे आणि 5,000 लिटरची टाकी भरायची आहे. छोट्या पंपाची एकूण कार्यक्षमता 40 टक्के धरली तर या कामाला साधारण पाऊण युनिट वीज लागते. आता 12 व्होल्ट 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी बघा. कागदावर 1.8 युनिट, पण टिकवायची असेल तर त्यातलं निम्मंच काढायचं, म्हणजे 0.9. थोडक्यात, 5,000 लिटरची टाकी जवळपास एका बॅटरीचं काम करते. तिला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागत नाही आणि चार वर्षांनी बदलावी लागत नाही. हजार मोठ्या ब्रॉयलर पक्ष्यांना कडक उन्हाळ्यात दिवसाला चार-पाचशे लिटर पाणी धरलं, तरी आठवडाभर पुरेल एवढं पाणी झालं. (भरलेली टाकी पाच टनांची होते हो! शेडच्या पत्र्याजवळच्या कच्च्या भिंतीवर चढवू नका, पक्का ओटा बांधा.)

निपल ड्रिंकरला कमी दाब चालतो, त्यामुळे टाकीचं पाणी उतारानेच जातं. पण ठिबकला साधारण एक किलो दाब लागतो, म्हणजे दहा मीटर उंची. तीन मीटरच्या ओट्यावरून तो मिळणार नाही. ठिबक दिवसा उन्हात पंपावरच चालवायचं.

मग बॅटरी कशासाठी? शेडसाठी. मे महिन्यात लाईट गेली, पंखे थांबले, तर मोठे झालेले पक्षी काही तासांत मरायला लागतात. एक बॅच गेली की नवीन माणूस धंद्यातून उठतो. इथे बॅटरीवर खर्च केलाच पाहिजे.

हिशोब असा. 80 वॅटचे चार पंखे, 9 वॅटचे आठ बल्ब, वर कॅमेरा-राऊटर मिळून धरा 400 वॅट. चार तासांचा बॅकअप म्हणजे 1.6 युनिट. इन्व्हर्टर स्वतः थोडी वीज खातो, ती धरून 1.9. लेड-ॲसिड घेतली तर याच्या दुप्पट क्षमता हवी, 3.8 युनिट. म्हणजे 180 एएचच्या दोन बॅटऱ्या, 24 व्होल्टमध्ये. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते, तिथे 25.6 व्होल्ट 100 एएचचा एकच पॅक भागतो.

लेड-ॲसिड घेताना लेबलवर सी10 आहे की सी20, हे बघाच. सी20 म्हणजे ती क्षमता 20 तासांत हळूहळू वीज काढली तर मिळते. आपला लोड तिला आठ-दहा तासांत रिकामी करेल असा आहे, मग तीच बॅटरी कमी वीज देते. सोलरसाठी सी10 मागा.

आता स्वस्त कोणती? किंमत बघून ठरवू नका, युनिटमागचा खर्च काढा. समजा लेड-ॲसिडच्या जोडीला 36,000 रुपये सांगितले, रोज 2.1 युनिट, हजार वेळा. युनिटला 17 रुपये पडले. एलएफपीला 50,000 सांगितले, रोज 2 युनिट, 3,000 वेळा. युनिटला 8 रुपये. तुमच्या कोटेशनचे आकडे टाकून हेच करा. पण एक मेख आहे. हे गणित रोज वापर असेल तरच खरं. तुमच्याकडे वर्षातून पन्नास-साठ दिवसच लाईट जात असेल, तर 3,000 सायकलचे पैसे आधीच का भरायचे? तिथे मी डोळे झाकून ट्युब्युलर घेईन. रोज रात्री लाईट जाते, किंवा शेड पूर्ण सोलरवर आहे, तर एलएफपी.

फॉगरचा अर्धा एचपीचा पंप बॅटरीवर घ्यायचा असेल तर जपून. चालताना तो 600 वॅटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या चार-पाच पट. 24 व्होल्टवर हा झटका शंभर अँपिअरच्या पुढे जातो. इन्व्हर्टर मोठा असला तरी एलएफपीच्या आतला बीएमएस मर्यादा ओलांडली की बॅटरी तोडतो, आणि पंख्यांसकट सगळं बंद! पॅक घेताना "बीएमएस सतत किती अँपिअर देतो आणि झटक्याला किती?" हे लिहून घ्या. नाहीतर सॉफ्ट-स्टार्ट असलेला डीसी पंप घ्या, महाग असला तरी.

योजनेच्या पंपाच्या पॅनेलवरून वायर ओढून बॅटरी चार्ज करायचा सल्ला गावातला कोणी ना कोणी देतोच. करू नका. ती पॅनेल सिरीजमध्ये असतात, व्होल्टेज काहीशे असतं. 100-150 व्होल्टचा छोटा चार्ज कंट्रोलर जळेल आणि पंपाची वॉरंटीही जाईल. शेडसाठी दोन-तीन पॅनेल वेगळी बसवा.

जुन्या इन्व्हर्टरला एलएफपी जोडताना त्यात लिथियमचं चार्जिंग सेटिंग आहे का, ते तपासा. जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडायची नाही. लेड-ॲसिडमधून चार्जिंगला हायड्रोजन निघतो, म्हणून हवेशीर जागा हवी. आणि दोन्ही प्रकारांना सावली हवी, पत्र्याखाली तापत ठेवलेली बॅटरी लवकर जाते. बॅटरीजवळच डीसी फ्यूज लावून घ्या. वायरमन नको म्हणाला तरी.

बिल करताना वॉरंटीचे दोन भाग वेगळे विचारा: किती महिने पूर्ण बदलून मिळेल, आणि त्यापुढे किती महिने फक्त किमतीत सूट. "पाच वर्षं वॉरंटी" या तीन शब्दांत बऱ्याचदा पूर्ण बदलून मिळण्याची मुदत त्याहून बरीच कमी असते. ती मुदत बिलावर लिहून, शिक्का मारून घ्या, मगच ॲडव्हान्स द्या.