पक्षाघातानंतर उशिरा येणारा कंप

पक्षाघाताबद्दल आपली एक समजूत असते : जे व्हायचे ते पहिल्या दिवशी होते, पुढे माणूस सुधारतो किंवा निदान आहे तिथेच राहतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण माझ्या न्यूरॉलॉजीच्या व्यवसायात असेही रुग्ण येतात, की ज्यांच्या झटक्याला सहा-आठ महिने झालेले आहेत, चालणे-बोलणे बरेच सुधारले आहे, आणि आता हात थरथरू लागला आहे. घरच्यांना वाटते, दुसरा झटका आला. भारतातून फोनवर कळते, 'बाबांना आता पार्किन्सन्सही झाला.' पुष्कळदा यांतले काहीच झालेले नसते.

हा प्रकार मुख्यतः मस्तिष्कस्तंभातल्या झटक्यानंतर दिसतो. मोठा मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा हा अंगठ्याएवढा भाग. त्यातले लाल केंद्रक, खालच्या टोकाचे ऑलिव्ह (आकार त्या फळासारखा, म्हणून हे नाव) आणि लहान मेंदूतले दंतुर केंद्रक यांचा मिळून एक त्रिकोण होतो. जॉर्ज गियाँ आणि पिएर मोलारे या फ्रेंच डॉक्टरांनी १९३१ साली त्याचे महत्त्व दाखवले. गियाँ-बारे आजारातले गियाँ ते हेच.

लहान मेंदूकडून या वाटेने ऑलिव्हला सतत 'गप्प बस' असा निरोप जात असतो. झटक्याने वाट तुटली की निरोप बंद. मग ऑलिव्हच्या पेशी, ज्या मुळातच एकमेकींशी विजेच्या तारांसारख्या जोडलेल्या असतात, एका ठेक्यात चेतू लागतात. आणि गंमत अशी, की त्या फुगतात. संबंध तुटलेला मेंदूचा भाग एरवी सुकतो, हा सुजतो. या बदलाला महिने लागतात, म्हणून लक्षणेही उशिरा येतात. मृदू टाळू सेकंदाला एक ते तीन वेळा उडतो, झोपेतसुद्धा. काहींचे डोळेही त्याच तालात हलतात. समोरचे जग झुलते आणि वाचणे अशक्य होते. माझ्या मते टाळूपेक्षा हाच त्रास मोठा, पण डॉक्टरांकडे तो सांगायचा राहून जातो.

हाताच्या कंपाचे वर्णन गॉर्डन होम्स यांनी १९०४ साली केले. तो संथ, ओबडधोबड असतो : हात मांडीवर असताना थोडा, चहाचा कप ओठांशी नेताना फार. पार्किन्सन्सचा कंप विशेषतः हात स्वस्थ असताना दिसतो आणि काम करताना बहुधा कमी होतो. घरच्यांनी एवढे पाहून ठेवले तरी निदानाला मदत होते.

उपचारांबद्दल फार आशा दाखवणे बरे नव्हे. लेव्होडोपाने काही रुग्णांच्या हाताला चांगला उतार पडतो, म्हणून ते एकदा वापरून पाहावे. डोळ्यांसाठी गॅबापेन्टिन किंवा मेमान्टिन देतात. निवडक रुग्णांत मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया करतात. टाळूचा कंप मात्र औषधांना फारशी दाद देत नाही.

लक्षण आठवड्या-आठवड्याने वाढत गेले तर अपॉइंटमेंट घेऊन दाखवावे. पण तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एक बाजू लुळी पडणे, एकाएकी दुहेरी दिसणे किंवा तोल जाणे असे काही झाले तर ९११. तिथे तर्क करीत बसू नये. आणि नव्या डॉक्टरकडे जाताना पहिल्या झटक्याची तारीख व जुने एमआरआय बरोबर न्यावे. सुजलेले ऑलिव्ह फिल्मवर पांढरे चमकते, आणि मागचा इतिहास ठाऊक नसला तर ते नवी गाठ म्हणूनही वाचले जाऊ शकते.