पंचेचाळिसावा दिवस

किरकोळ रकमेच्या भांडणासाठी सामान्य माणसाने जायचं कुठे, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मला आधी मुंबईतलं धोबी तलावचं लघुवाद न्यायालय आठवलं. पण तिथे गर्दी मुख्यतः घरमालक-भाडेकरूंची. बिघडलेला फ्रिज, नाकारलेला विमा, रद्द झालेल्या सहलीचे अडकलेले पैसे, यांची दाद लागते जिल्हा ग्राहक आयोगात.

इतिहास थोडक्यात असा: 1974 मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, 1986 मध्ये कायदा आला आणि त्याच्या जागी आलेला 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. वकील सक्तीचा नाही. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते; कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असलं तरी तिने सांगलीला यायचं. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि ती घालवणारे पुष्कळ.

मला या सगळ्यात भुरळ पडली ती एका आकड्याची. नोटीस मिळाल्यापासून सामनेवाल्याने तीस दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं. आयोग फार तर आणखी पंधरा दिवस देऊ शकतो. सेहेचाळिसाव्या दिवशी कितीही मोठा वकील उभा राहिला तरी म्हणणं घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 रोजी यावर शिक्कामोर्तब केलं. तारखांवर तारखा देणाऱ्या आपल्या व्यवस्थेत एवढा हट्टी नियम विरळाच. मात्र त्याच निकालात एक मेख आहे: दिवस मोजायचे ते नोटिशीसोबत तक्रारीची प्रतही मिळाल्यापासून. पाकिटात प्रत नसेल तर मोजणी सुरूच होत नाही. म्हणून तक्रारदाराने प्रतींचे संच पानं मोजूनच द्यावेत.

पुढे मात्र हा हट्ट सैल पडतो. तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत, शक्यतो निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेक तक्रारी वर्षानुवर्षं रेंगाळतात. अध्यक्ष-सदस्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या की खंडपीठच बसत नाही; 2021 मध्ये या रिकाम्या जागांची दखल सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली.

आणि निकाल लागला म्हणजे पैसे आले असं नाही. सामनेवाला राज्य आयोगात अपील करतो. त्यासाठी निम्मी रक्कम भरावी लागते, एवढाच दिलासा. तो गप्प बसला तर तक्रारदाराला दरखास्त दाखल करावी लागते, म्हणजे नव्याने नोटीस आणि नव्याने तारखा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद होऊ शकते, पण वॉरंट बजावणार पोलीस, आणि त्यांच्या टेबलावर ते कितव्या क्रमांकावर असणार! जप्ती मागायची तर मालमत्ता दाखवायची जबाबदारीही जिंकलेल्यावरच. जुन्या कायद्यात वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जाई आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होई. ती वाट नव्या कायद्यात ठेवली नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

तेव्हा तक्रार लिहितानाच सामनेवाल्याचा नोंदणीकृत पत्ता काढून ठेवावा आणि पैसे भरल्याची पावती जपावी. त्यावर त्याचा खाते क्रमांक असेल तर दरखास्तीत जप्तीसाठी तोच द्यावा लागेल.