लाकडी किल्ला गेला, खड्डे राहिले

वेल्समध्ये, इंग्लंडच्या सीमेला लागून, मॉन्टगोमेरी नावाचं गाव आहे. गावाजवळ ८ मीटर उंचीचं एक गोल टेकाड दिसतं. त्याचं नाव हेन डोमेन. तिथे ना तट, ना बुरूज, ना दरवाजा. गवत आणि झाडंझुडपं, बस्स! पण हा किल्ला आहे बरं का.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. मूठभर नॉर्मन आणि सगळा मुलूख परका! त्यांना किल्ले हवे होते, तेही लगेच. दगडी किल्ला बांधायला वर्षं लागतात. मग त्यांनी काय केलं? गोल खंदक खणला आणि निघालेली माती मधोमध टाकून चोपली. एकाच खणाईत खंदकही झाला आणि टेकाडही! या टेकाडाला म्हणतात मॉट. माथ्यावर लाकडी मनोरा आणि भोवती मेढेकोट. पायथ्याशी कुंपण घातलेलं मोठं आवार, म्हणजे बेली. माणसं राहायची ती तिथे.

त्या काळचं, सुमारे ७० मीटर लांबीचं एक भरतकाम फ्रान्समधल्या बायो गावाच्या नावाने ओळखलं जातं. त्यात हेस्टिंग्जला असंच टेकाड रचणारी माणसं आहेत. त्यातले दोघे तर काम सोडून फावड्यांनी मारामारी करतायत!

हेन डोमेन बांधला रॉजर द मॉन्टगोमेरीने, १०७० नंतरच्या काही वर्षांत. पुढे तो ओस पडला आणि लाकूड कुजून मातीत मिसळलं. मग तिथे मनोरा, घरं, पूल होते हे कळलं कसं?

ही युक्ती मला फार आवडते. खांब रोवायचा तर आधी खड्डा खणावा लागतो. पुढे खांब कुजतो आणि त्याच्या जागी वरची मऊ, गडद माती भरते. शेजारची माती मात्र घट्टच राहते. एकदा खणलेली जमीन पुन्हा पहिल्यासारखी होत नाही! म्हणून वरचा थर हलक्या हाताने खरवडला की जमिनीवर गडद गोल डाग उमटतात. डागांची रांग म्हणजे भिंत. खंदकात समोरासमोर डाग म्हणजे पुलाचे खांब. एका डागाने दुसरा कापला असेल, तर कापणारा नंतरचा.

फिलिप बार्कर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९६० पासून तीस वर्षांहून जास्त काळ इथे असे डाग वाचले. एकाच जागी पुन्हा पुन्हा उभारलेली घरं त्यांना सापडली. आणि किल्ल्याच्या बांधाखाली काय निघालं, ठाऊक आहे? शेत! किल्ल्याच्या आधी कुणीतरी नांगरलेल्या जमिनीचे सरी-वरंबे, मातीखाली दबून तसेच राहिलेले.

सगळीच टेकाडं नॉर्मनांनी रचली असंही नाही. इंग्लंडमधल्या मार्लबरोचं, सुमारे १९ मीटर उंचीचं टेकाड कित्येकांना नॉर्मनांचंच वाटायचं. २०१० मध्ये त्यात नळ्या घालून आतली माती काढली, तिच्यातला कोळसा तपासला. वय निघालं सुमारे ४,४०० वर्षं! नॉर्मनांनी त्यावर फक्त किल्ला चढवला होता. मग संशोधक इतर टेकाडांकडेही तशाच नळ्या घेऊन निघाले. यॉर्कशरमधलं स्किप्सीचं टेकाडसुद्धा असंच फार जुनं निघालं, लोहयुगातलं.