काठ कुठून तुटतो

आमच्या नदीकाठच्या गटाचा सातबारा अजून पूर्ण आहे. क्षेत्र तेवढंच, आकारही तेवढाच. जमीन मात्र तेवढी उरलेली नाही. वडिलांनी विहीर पाडली तेव्हा विहीर आणि नदी यांच्यामध्ये उसाच्या सऱ्या मावत होत्या. आज विहिरीच्या कठड्याला टेकून खाली पाहिलं की थेट पाणी दिसतं. मधली जमीन एखाद्या मोठ्या पुरात एका रात्रीत गेली असं नाही. दर पावसाळ्यानंतर दोन हात, तीन हात अशी ती जात राहिली. गेल्याची नोंद कुठल्याही कागदावर नाही.

पंढरपूरच्या वर आणि खाली, भीमेच्या दोन्ही तीरांवर अशी शेतं पुष्कळ आहेत. वारीला येणारा माणूस चंद्रभागेत स्नान करतो, पुंडलिकाचं दर्शन घेतो आणि महाद्वार घाटाच्या पायऱ्या चढून देवळाकडे जातो. त्याचं लक्ष पाण्याकडे असतं, काठाकडे नसतं. ते स्वाभाविकही आहे. पण इथे राहणाऱ्यांनी, काठावर घर, शेत, मोटर असणाऱ्यांनीही काठाकडे कधी पाहिलं नाही. गेल्या सत्तर वर्षांत या काठाचं काय झालं, ते एकदा सलग मांडून पाहावं असं बरेच दिवस मनात होतं.

सुरुवात छप्पनच्या पुरापासून करावी लागते. 1956 चा महापूर पंढरपुरात अजून ‘छप्पनचा पूर’ म्हणूनच ओळखला जातो. त्या वेळी भीमेवर उजनी धरण नव्हतं. भीमाशंकरहून निघालेली नदी इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड यांचं पाणी घेत, नीरा-नरसिंहपूरला नीरेला पोटात घेऊन पंढरपुरात येई. ती येताना वाळू आणि पोयटा घेऊनच येई. पूर ओसरला की नदीपात्रातल्या वाळवंटात नवी वाळू पडलेली असे आणि काठच्या मळईवर गाळाचा थर बसलेला असे. तो थर रब्बीला खताच्या गाडीपेक्षा मोलाचा. नदी एका तीरावरून थोडं नेई आणि दुसऱ्या तीरावर टाकी. महसुलाच्या कायद्यालाही हे जुनं व्यवहारज्ञान होतं. नदीने आणून टाकलेल्या जमिनीचं काय करायचं आणि वाहून नेलेल्या जमिनीचा आकार कसा कमी करायचा, या दोन्हींच्या तरतुदी त्यात आहेत. त्यांचा उपयोग करून घेतलेला एकही शेतकरी आमच्या शिवारात मला भेटला नाही.

शहराच्या बाजूला तेव्हाही घाट होते. होळकरांचा वाडा, शिंदे सरकारांचा वाडा नदीकडे तोंड करून उभे होते. त्यांच्या पायथ्याशी दगडी पायऱ्यांच्या रांगा. या जुन्या घाटांकडे बांधकाम म्हणून पाहण्यासारखं आहे. पायऱ्या एकावर एक मागे सरकत जातात, त्यामुळे सगळा घाट म्हणजे दगडात बांधलेला एक उतार होतो. पाणी चढताना त्याचा मार एका जागी बसत नाही, तो पायरीपायरीवर फुटत जातो. उतरतानाही पाणी तसंच सावकाश खाली येतं. सरळ उभी भिंत नदीपुढे घालायची नाही, ही समज त्या गवंड्यांना होती.

मग उजनी आली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात काम सुरू झालं आणि 1980 मध्ये धरण पूर्ण झालं. साठा सुमारे 117 टीएमसी. या धरणाने सोलापूर जिल्ह्याला काय दिलं हे मला कुणी सांगायला नको, आमचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे. पण धरणाने एक गोष्ट अडवली, तिचा हिशेब कुणी मांडला नाही. पाण्याबरोबर वाळूही अडली. नीरेच्या खोऱ्यात वीर आणि भाटघर ही धरणं आधीपासूनच होती. म्हणजे पंढरपूरच्या वाळवंटाला वरून येणारी वाळू जवळजवळ थांबली. धरणातून सुटणारं पाणी गाळ खाली टाकून आलेलं असतं. त्याच्या अंगात जोर असतो, पण वाहून आणलेलं काही नसतं. मग ते वाटेत मिळेल ते उचलतं. आधी तळातली वाळू उचलतं, ती संपली की काठाची माती.

शिवाय पाण्याची चढउतार बदलली. पूर्वी नदी आषाढात चढे आणि कार्तिकापर्यंत हळूहळू उतरे. धरणानंतर सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी औजच्या बंधाऱ्यापर्यंत वर्षातून अनेकदा नदीतून पाण्याची आवर्तनं सोडली जाऊ लागली. चार दिवस काठोकाठ, मग एकदम खाली. काठाला सगळ्यात जास्त इजा पाणी चढताना होत नाही, उतरताना होते. चढलेलं पाणी काठाच्या मातीत आतपर्यंत मुरतं आणि माती जड होते. तोपर्यंत बाहेरच्या पाण्याचा आधार असतो. बाहेरचं पाणी झटकन खाली गेलं की आतलं पाणी मागे राहतं आणि तो सगळा जड ढिगारा खाली घसरतो. आमच्या काळ्या मातीत तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या आवर्तनाचं पाणी त्याच भेगांतून आत शिरतं. पूर ओसरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी काठ ढासळताना पाहिला की लोक नवल करतात. त्यात नवल काही नाही.

पण या सगळ्यापेक्षा मोठा घाव वाळूउपशाचा. पुण्यात, सोलापुरात आणि आमच्या तालुक्याच्या गावोगावी सिमेंटची घरं उभी राहू लागली तशी भीमेची वाळू सोन्यासारखी झाली. आधी बैलगाड्या, मग ट्रॅक्टर, मग डंपर आणि जेसीबी. ट्रॅक्टरवर कारवाई वाढली की गाढवांवरून पोती जाऊ लागली. सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातही पर्यावरण परवानगीशिवाय वाळू काढता येणार नाही. राज्याची धोरणं येत राहिली. 2023 च्या धोरणात शासकीय डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचं ठरलं. 2025 मध्ये पुन्हा नवं धोरण आलं आणि दगडापासून केलेल्या कृत्रिम वाळूलाही चालना देण्याचं ठरलं. रात्रीचा उपसा यातल्या कुठल्याच धोरणाने थांबला नाही.

वाळवंटात पडलेल्या खड्ड्यांत वारकरी बुडतात तेव्हा बातमी येते. त्याच खड्ड्यांमुळे काठ तुटतो, त्याची बातमी येत नाही. काठ म्हणजे मातीची दरड, आणि तिच्या पायथ्याशी पसरलेली वाळू म्हणजे तिचा टेकू. तो काढून नेला की दरड अधांतरी होते. वर कितीही मजबूत बांध घाला, दगड रचा, भिंत उभारा, खालून पायथा सुटला की ते सगळं एकत्र खाली येतं. सत्तर वर्षांचा मागोवा घेताना मला सारखं हेच दिसत राहिलं. आम्ही काठाच्या डोक्यावर बांधत गेलो आणि पायथा विकत गेलो.

यात फक्त वाळूवाल्यांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. उसाची शेवटची सरी काठाला भिडवण्यासाठी आम्ही करंज, जांभूळ, निरगुडी, शिंदीची झाडं काढली. प्रत्येक मोटरीच्या पाइपसाठी काठात चारी खोदली आणि ती नीट दाबून बुजवली नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बर्गे पावसाळ्यात वेळेवर काढले गेले नाहीत की पुराचं पाणी बंधाऱ्याच्या अंगाने काठ फोडून वाट काढतं. हे सगळ्या नदीकाठाने पाहिलं आहे, तरी बर्गे पुढच्या वर्षीही उशिराच निघतात.

शहराकडे या काळात लक्ष गेलं, पण ते स्वच्छतेपुरतं. मुंबई उच्च न्यायालयाने 2014-15 च्या सुमारास वाळवंटातल्या राहुट्या आणि मंडपांवर निर्बंध आणले आणि वारकऱ्यांचा तळ पलीकडच्या 65 एकरांत गेला. तो निर्णय योग्यच होता, वाळवंटाची दैना आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. 2016 च्या अर्थसंकल्पात ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा झाली. सांडपाणी, शौचालयं, घाट यांची चर्चा झाली. नदीचा तळ किती खाली गेला, काठ किती मागे सरकला, ही चर्चा कुठे झाली नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये उजनी आणि वीर या दोन्ही धरणांचं पाणी एकदम आलं आणि पंढरपूरच्या सखल वस्त्या पाण्यात गेल्या. पुढच्या वर्षी, 14 ऑक्टोबर 2020 ला, मुसळधार पावसात कुंभार घाटाची नव्याने बांधलेली भिंत कोसळली. पावसापासून आडोसा म्हणून तिच्याखाली थांबलेली सहा माणसं गेली. त्यानंतर नदीही चढली. मी पुढच्या आठवड्यात तिथे गेलो होतो. जुन्या घाटांच्या पायऱ्यांवर पुराचा चिखल होता, पायऱ्या जागच्या जागी होत्या. उभ्या भिंतीच्या मागे माती भरली की पावसात ती माती पाणी पिते आणि जड होते. त्या पाण्याला बाहेर पडायला भिंतीत भोकं लागतात आणि भोकांमागे खडीचा थर लागतो. नाहीतर भिंत काठ राखत नाही, काठ भिंतीला ढकलतो. हे कुठलाही जुना गवंडी सांगेल.

वरच्या अंगाला उजनीच्या जलाशयाची कथा थोडी वेगळी आहे. करमाळा, इंदापूर, दौंडकडच्या फुगवट्याच्या काठाला पुराचा लोंढा नसतो, तिथे वारा असतो. एवढ्या पसरलेल्या पाण्यावर वारा सुटला की लाटा दिवसभर एकाच उंचीवर काठाला धडकतात आणि तिथे खाच पडते. धरण बांधणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून मातीच्या भरावाला पाण्याच्या बाजूने दगडी पिचिंग केलं. शेतकऱ्याच्या काठाला तसं काही नाही. उलट पाणी ओसरलं की गाळपेर जमीन अगदी पाण्याच्या रेषेपर्यंत नांगरली जाते आणि ती भुसभुशीत माती पुढच्या पाण्याबरोबर तळाशी जाते. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये, उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली आणि त्याच ऑगस्टमध्ये भरली. एवढी मोठी चढउतार सोसणारा काठ उघडा, नांगरलेला ठेवणं म्हणजे माती आपल्या हाताने धरणात टाकणं.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळ्यात जे केलं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पीक गेलं, जनावरं गेली, आणि कित्येकांच्या शेतातली माती खडकापर्यंत खरडून गेली. शासनाने खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी 47,000 रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाख रुपयांपर्यंतच्या कामांची घोषणा केली. माती आणून टाकायला ही रक्कम पुरेशी आहे का, यावर वाद होऊ शकतो. पण खरडलेली जमीन पंचनाम्यात आली हे महत्त्वाचं. पुरानंतर आठ दिवसांनी कोसळलेला काठ मात्र पंचनाम्यात येत नाही, कारण पंचनामे तोवर आटोपलेले असतात.

काठ राखायचे मार्ग नवे नाहीत, आणि सगळे महागही नाहीत. दरड सरळ उभी ठेवायची नाही, तिला उतार द्यायचा, मग त्यासाठी एखादी सरी गेली तरी चालेल. पायथ्याला जाळीत बांधलेले मोठे दगड, नदीच्या तळाच्याही खालपर्यंत. उतारावर वाळा, लव्हाळं, बांबू, निरगुडी. वाळ्याची मुळं पुरुषभर खोल जातात आणि माती शिवून ठेवतात. वरच्या अंगाला करंज आणि जांभूळ, पण अगदी कडेवर नाही. शेतातलं वाहून येणारं पाणी काठावरून कुठेही सोडायचं नाही, पाइप टाकून खाली दगडांवर सोडायचं. पाइपच्या चाऱ्या थराथराने दाबून बुजवायच्या. एकट्याने केलं तर उपयोग थोडाच. मी माझ्या काठाला दगड लावले आणि शेजाऱ्याने लावले नाहीत, तर पाणी वळून त्याचा काठ आधी खातं आणि तिथून मागून माझ्याकडे येतं. म्हणून हे काम गटवार होत नाही, वळणवार होतं. एका वळणावरच्या सगळ्या खातेदारांनी मिळून ते रोजगार हमीच्या आराखड्यात घालायला हवं. आणि त्याच वळणावर वाळूचा एकही ट्रॅक्टर उतरू देता कामा नये. दगड एकीकडे लावायचे आणि पायथा दुसरीकडून न्यायचा, यात कुणाचंच शेत वाचत नाही.

जलसंपदा खात्याच्या नकाशांवर निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. काठ कुठे आहे आणि गेल्या वर्षी कुठे होता, याची रेषा कुठल्याच नकाशावर नाही. ती आपणच आखायची आहे. या वर्षी मृग लागण्याआधी विहिरीच्या कठड्यापासून किंवा एखाद्या जुन्या झाडापासून काठाच्या कडेपर्यंत टेप धरून अंतर मोजा. तारखेसकट फोटो काढा, आकडा वहीत लिहा आणि एक प्रत तलाठ्याकडे अर्जासोबत देऊन पोच घ्या. दिवाळीनंतर पुन्हा मोजा. आमच्या गटाचं पहिलं माप मी येत्या मेमध्ये घेणार आहे. वळणावरच्या सगळ्यांनी त्याच आठवड्यात घ्यावं, एवढीच विनंती.