विश्लेषण : सोल्डरिंगचा जोड का सुटतो? नवशिक्यांनी काय टाळावे?

विज्ञान प्रकल्प असो वा घरातला बिघडलेला एलईडी दिवा, सोल्डरिंग आयर्न अनेक जण हौसेने हाती घेतात. सर्किट सुरू होते आणि जरा धक्का लागताच बंद पडते. अशा वेळी दोष बहुधा सुट्या भागाचा नसतो. जोड कच्चा असतो.

सर्वांत मोठी चूक कोणती?
आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून ते जोडावर थापणे. सोल्डर वायरच्या पोटात राळेचा फ्लक्स असतो. तो धातूवरील ऑक्साइडचा थर काढतो. सोल्डर टोकावरच वितळले, तर फ्लक्स आधीच जळून जातो आणि सोल्डर नुसते चिकटते. कारागिरांच्या भाषेत हेच ‘ड्राय सोल्डर’. त्यामुळे टोक पीसीबीचे पॅड आणि सुट्या भागाची तार यांना एकाच वेळी टेकवावे. एक-दोन सेकंदांनी सोल्डर जोडाला लावावे, आयर्नला नाही.

तापमान किती हवे?
६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळू लागते. तरी टोक साधारण ३२० ते ३५० अंशांवर ठेवतात, कारण जोड उष्णता खेचून घेतो. आयर्न पुरेसे तापले नसेल, तर ते फार वेळ टेकवून ठेवले जाते आणि पॅड उखडते. जोड तीन-चार सेकंदांत व्हायला हवा.

पक्का जोड कसा ओळखावा?
तो चकचकीत, तारेकडे निमुळता होत गेलेला आणि बाजूने किंचित खोलगट दिसतो. गोळ्यासारखा फुगलेला किंवा खरबरीत जोड संशयास्पद समजावा. सोल्डर निवताना तार हलली, तरीही असे होते. थोडा फ्लक्स लावून पुन्हा तापवल्यास जोड बहुतेकदा सुधारतो. शिसेविरहित सोल्डर मात्र मुळातच थोडे मंद दिसते.

टोक काळे पडल्यास?
काळे टोक उष्णता नीट देत नाही. मुलामा दिलेले टोक कानशीने घासू नये. ओल्या स्पंजवर पुसून त्यावर लगेच सोल्डरचा पातळ थर द्यावा. आयर्न बंद करतानाही तसेच करावे.

आरोग्याचे काय?
धूर मुख्यतः फ्लक्सचा असतो. दमा असणाऱ्यांना तो त्रासदायक ठरतो. म्हणून खिडकी उघडी ठेवावी. शिसे हातावाटे पोटात जाते, त्यामुळे खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. मुलांसाठी शिसेविरहित सोल्डरच घ्यावे. ते २१७ अंशांच्या आसपास वितळत असल्याने आयर्न थोडे अधिक तापवावे लागते. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स वापरू नये, कारण तो पीसीबीवरील तांबे हळूहळू खातो. उपकरणाचा प्लग काढल्याशिवाय आयर्न टेकवू नये.